अ‍ॅन्युरिझम, स्ट्रोक की स्वतःचाच थकवा: थिसिस कशावर करू?

प्रश्न बराच लांब होता म्हणून बाकीच्यांसाठी थोडक्यात परत लिहिते. सरकारी कॉलेज, एमसीएच न्यूरोसर्जरी (मेंदूच्या सर्जरीची सुपरस्पेशालिटी पदवी), पहिलं वर्ष, महिन्याभरात थिसिसचा विषय द्यायचाय. गाईड सर म्हणतात अ‍ॅन्युरिझम घे (मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा), क्लिपिंग विरुद्ध कॉइलिंग. युनिटमधले दुसरे सर म्हणतात स्ट्रोकमधली डीकंप्रेसिव्ह क्रेनिएक्टमी (सुजलेल्या मेंदूला जागा करायला कवटीचं हाड काढणं) घे, केसेस भरपूर आहेत. तुला स्वतःला रेसिडेंटच्या बर्नआऊटवर, म्हणजे कामाने पार जळून जाण्यावर करायचंय आणि सीनिअर हसले, म्हणाले ही न्यूरोसर्जरी आहे का, सायकियाट्रीवाल्यांना दे. मग तू एका अमेरिकन न्यूरोसर्जनचं प्रोफाइल बघितलंस, तिथे स्ट्रोक, अ‍ॅन्युरिझम आणि ट्रेनींचा बर्नआऊट, तिन्हीवर पेपर, आणि आता डोकं फिरलंय की हे एकत्र चालतं का. आणि अगदी शेवटी, सहज टाकल्यासारखी एक ओळ, "कधीकधी वाटतं सगळंच सोडून द्यावं."

नावावरून मुलगा आहेस असं धरते, आणि या धंद्यात बावीस वर्षं झाली म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

शेवटच्या ओळीपासूनच सुरू करू. "सोडून द्यावं" म्हणजे सीट सोडावी असं म्हणायचंय की दुसरं काही, हे मला इथून कळत नाही, आणि दुसरं काही असेल तर थिसिस वगैरे सगळं बाजूला ठेव आणि आजच्या आज कुणाशी तरी बोल. टेली-मानसचा १४४१६ नंबर सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. आपल्याच कॉलेजच्या सायकियाट्री ओपीडीला केसपेपर काढायची लाज वाटत असेल (वाटते, मलाही वाटली होती) तर गावातल्या बाहेरच्या डॉक्टरकडे जा.

थकवा, बर्नआऊट आणि डिप्रेशन आपण एकाच पोत्यात भरतो म्हणून हे सांगतेय. डब्ल्यूएचओने आयसीडी-११ या आजारांच्या यादीत बर्नआऊट हा आजार म्हणून धरलेला नाही, कामाच्या जागेमुळे होणारी गोष्ट म्हणून धरलाय. माझी साधी पद्धत अशी, रेसिडेंट दहा दिवस घरी जाऊन आला की मी विचारते, जेवण गोड लागलं का, मित्रांना भेटलास का. झोप काढून, पोरांबरोबर हिंडून आला आणि स्टेशनवर उतरल्यावर परत पोटात गोळा आला, तर बहुतेक कामाचा प्रश्न आहे. घरीही आईच्या हातचं चवच लागत नव्हतं, अंथरुणातून उठवत नव्हतं, तर तो नुसता कामाचा राहिलेला नाही, डॉक्टर लागतो. ही काही तपासणी नव्हे, पण कुणाला आधी हाताला धरून न्यायचं ते मला एवढ्यावरून कळतं. आणि स्वतःच्या दुखण्यावर थिसिस केल्याने दुखणं बरं होत नाही, उलट रोज रात्री तेच आकडे घेऊन बसावं लागतं.

आता विषयाकडे येऊ. माझ्या मते तू विषय निवडत बसलायस आणि खरी अडचण विषयाची नाहीच, तुझ्याकडे प्रश्न नाहीये. "अ‍ॅन्युरिझम" हा विषय झाला. तुझ्याच वॉर्डात, तुला मिळणाऱ्या पेशंटमध्ये, दीड वर्षात, ड्युट्या सांभाळून ज्याचं उत्तर निघेल तो प्रश्न. या चाळणीतून तिन्ही काढून बघ.

गाईड सरांचा क्लिप विरुद्ध कॉइल. ऐकायला भारी आहे, पण सापळा आहे. रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटल्यावर कवटी उघडून क्लिप लावायची की मांडीतून वायर नेऊन आतून कॉइल भरायची, यावर आयसॅट नावाची मोठी ट्रायल २००२ ला आली. ९५५९ पेशंट तपासले आणि त्यातले २१४३ च चिठ्ठी टाकून उपाय ठरवण्याजोगे निघाले, म्हणजे ज्यांना दोन्ही उपाय चालतील असं दोन्ही बाजूच्या डॉक्टरांना वाटलं ते. वर्षभराने मृत्यू किंवा परावलंबित्व कॉइलमध्ये २३.७ टक्के, क्लिपमध्ये ३०.६. साधारण सात टक्क्यांचा फरक. हा एवढा फरक सिद्ध करायला नेहमीच्या हिशोबाने एकेका गटात साडेसहाशेच्या आसपास पेशंट लागतात, गणित करून बघ. तुमच्याकडे वर्षाला किती येतात? चाळीस? साठ? त्यातही चिठ्ठी टाकणार नाहीस, जे होईल ते लिहिणार. मग एमसीए या मेंदूच्या बाजूच्या मोठ्या धमनीचे फुगे क्लिपला जाणार, मागच्या बॅसिलर धमनीचे कॉइलला, कॅथ लॅब (वायर नेऊन उपचार करायची खोली) बंद असलेल्या रात्री आलेले क्लिपला, कॉइलच्या पैशांची सोय झाली नाही तेही क्लिपला. शेवटी तू जे मोजशील ते म्हणजे कुठला पेशंट कुठल्या दारातून आत आला. एवढ्यावरून "आमच्याकडे क्लिपिंग सरस" असं लिहिलेले थिसिस मी परीक्षक म्हणून वाचलेत, आणि व्हायवात पहिला प्रश्न हाच विचारते की कॉइलला कोण जाणार हे ठरवलं कुणी.

पण सरांना अ‍ॅन्युरिझमच हवा असेल तर त्यातच सोन्यासारखे प्रश्न पडलेत, फक्त ते ऑपरेशनचे नाहीत, वेळेचे आहेत. फुटलेला फुगा परत फुटायचा सगळ्यात जास्त धोका पहिल्या २४ तासांत. मग डोक्यात बॉम्ब फुटल्यासारखं दुखलं त्या मिनिटापासून ते फुगा बंद झाला त्या मिनिटापर्यंत वेळ कुठे गेला हे कुणी लिहून ठेवतं का? माझ्याकडची नेहमीची कहाणी सांगते, बाई भाकऱ्या थापता थापता मटकन खाली बसली, डोकं धरून ओकली, गावातल्या डॉक्टरने पित्त म्हणून इंजेक्शन दिलं, दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी पापणी पडली, तेव्हा कुणीतरी तालुक्याला सीटी काढला. त्यात म्हणे काही विशेष नाही. आता पहिल्या ६ तासांत, बऱ्या मशीनवर, जाणत्या माणसाने वाचलेला साधा सीटी असा रक्तस्राव जवळपास सोडतच नाही, पण तिसऱ्या दिवशीचा सीटी सोडू शकतो, आणि पडलेली पापणी नि मोठी झालेली बाहुली एकत्र दिसली तर ती पीकॉम या धमनीवरच्या फुग्याची धमकी असते हे एमबीबीएसला सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. मग १०८ ने जिल्ह्याला, तिथून आपल्याकडे. आल्यावरसुद्धा अँजिओला किती तास लागले, सरकारी योजनेच्या प्रीऑथला, म्हणजे आगाऊ मंजुरीला किती, रक्ताला किती, ओटी मिळायला किती. हे सगळं केसपेपरवर, रेफर चिठ्ठीवर, १०८ च्या कागदावर लिहिलेलं असतं, कुणी एका ओळीत मांडत नाही एवढंच. साठ पेशंटमध्ये हे छान दिसतं, त्याला साडेसहाशे लागत नाहीत.

अजून एक, माझा लाडका. निमोडिपिन, फुगा फुटल्यावर मेंदूचं पुढचं नुकसान कमी व्हावं म्हणून द्यायचं औषध. ६० मिलिग्रॅम दर ४ तासांनी २१ दिवस. म्हणजे दिवसाला ६ डोस, एकूण १२६. गोळी ३० ची, म्हणजे २५२ गोळ्या, आणि त्या बऱ्याचदा नातेवाईकच बाहेरून आणतात. पहाटे २ चा डोस खरंच पोटात जातो का? बीपी पडलं म्हणून बंद केला तो परत चालू कुणी केला? बाराव्या दिवशी घरी सोडलेल्या शेतकरी माणसाच्या घरी रात्री दोनचा गजर कोण लावतं? १२६ पैकी किती पोचले एवढाच प्रश्न. एक पैसा लागत नाही आणि उत्तर कुठल्याही कॉलेजात, माझ्याही हॉस्पिटलमध्ये, लाजिरवाणं येऊ शकतं.

स्ट्रोकचं पटकन सांगते. मोठी एमसीए बंद पडून मेंदू सुजला की कवटीचं हाड काढून जागा करून द्यायची, याच्या तीन युरोपियन ट्रायल एकत्र करून २००७ ला छापल्या. वय ६० पर्यंत, ४८ तासांच्या आत, सगळे मिळून ९३ पेशंट. वर्षभराने जगलेले ७८ टक्के, ऑपरेशन न केलेल्यांत २९. जीव वाचतो यावर वाद उरलेला नाही, तो परत सिद्ध करायला जाऊ नकोस. पण त्याच आकड्यांत पुढे बघ, चालायला आणि अंगावरच्या कामांनाही दुसऱ्याचा हात लागेल अशा अवस्थेत जगणारे २ टक्क्यांवरून ३१ वर गेले. आता तो ३१ मधला माणूस आपल्याकडे कुणाच्या घरी जातो? सहा महिन्यांनी फोन करायचा आणि स्केलचे इंग्रजी शब्द बाजूला ठेवून विचारायचं, स्वतःच्या हाताने जेवतात का, संडासला एकटे जातात का, तासभर घरी एकटं सोडता येतं का, आणि त्यांना सांभाळायला घरातल्या कुणी काम सोडलं का. आणि काढून पोटाच्या कातडीखाली जपून ठेवलेलं हाड परत बसवायला आले का, की दोन वर्षं तसंच खड्डा पडलेलं डोकं घेऊन फिरतायत. हा चांगला थिसिस आहे. मात्र फोन नंबर बदललेले असतात, निम्मे लागत नाहीत, म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच दोन नातेवाईकांचे आणि शेजाऱ्याचा एक असे तीन नंबर घ्यायचे. थ्रॉम्बेक्टमीवर (वायरने रक्ताची गुठळी ओढून काढणं) करायचा मोह झाला तर आधी बघ तुमची कॅथ लॅब रात्री चालते का. २०१५ च्या पाच ट्रायल्स आणि २०१८ ला २४ तासांपर्यंत वाढलेली खिडकी हे सगळं खरं आहे, पण रात्री कुलूप असेल तर तुझ्या थिसिसमध्ये फक्त ऑफिस टायमिंगमध्ये पॅरालिसिस झालेली माणसं येतील.

आता बर्नआऊट, म्हणजे तुझ्या मनातलं.

सीनिअर म्हणतात ही न्यूरोसर्जरी नाही. त्यांना एक गंमत सांग. १९३७ ला अ‍ॅन्युरिझमच्या मानेवर चांदीची क्लिप लावली ती वॉल्टर डँडीने, जॉन्स हॉपकिन्सला. आणि रेसिडेंट म्हणजे हॉस्पिटलातच राहणारा, चोवीस तास हाताशी असलेला शिकाऊ सर्जन, ही पद्धत बसवली ती त्याच हॉपकिन्सला हॅलस्टेडने, आणि तो हॅलस्टेड स्वतःवर प्रयोग करता करता कोकेनच्या आणि मग मॉर्फिनच्या आहारी गेलेला माणूस होता. क्लिप आणि ड्युटी एकाच घरातल्या. क्लिपवर शंभर पेपर चालतात तर ड्युटीवर का नको?

पण मुद्दा पटला म्हणून काम सोपं होत नाही. १९८४ ला न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी ताप घेऊन हॉस्पिटलात आली आणि काही तासांत गेली, बघणारे ज्युनिअर डॉक्टर होते, तिच्या वडिलांनी प्रकरण लावून धरलं, १९८९ ला त्या राज्यात आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली, २००३ ला देशभर. २०११ ला इंटर्नसाठी सलग १६ तासांचा नियम केला आणि २०१७ ला तो काढलाही, कारण मधल्या ट्रायलमध्ये असं दिसलं की नुसते तास आवळून पेशंटचं काही भलं झालेलं दिसत नाही, आणि पेशंट या हातातून त्या हातात जायच्या वेळा वाढतात. आपल्याकडे केंद्राचं १९९२ चं पत्रक म्हणतं सलग १२ तासांपेक्षा जास्त ड्युटी सहसा नको, आठवड्याला ४८ तास. हे मी दुसऱ्या वर्षाला असताना पहिल्यांदा वाचलं तेव्हा सलग दुसरी रात्र होती, आम्ही तिघं वॉर्डच्या जिन्यात बसून इतके हसलो की सिस्टर बघायला आल्या. २०२४ ला एनएमसीच्या, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या टास्क फोर्सने ७४ तास सुचवले. चला, निदान ४८ चं नाटक तरी संपलं.

तर मोजणार काय? पहिला खड्डा इथेच आहे. २०१८ ला जामा या वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टरांच्या बर्नआऊटवरच्या १८२ अभ्यासांचा आढावा आला. बर्नआऊटच्या व्याख्या निदान १४२, आणि प्रमाण ० पासून ८०.५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे तू "आमच्यात ६२ टक्के" असं काढलंस तरी त्याचा अर्थ तुझ्या कटऑफपलीकडे फारसा नाही. मॅस्लॅकची प्रश्नावली सगळे वापरतात पण ती विकत घ्यावी लागते, कोपनहेगनची १९ प्रश्नांची आहे ती मोकळी आहे. मॅस्लॅकचे तीन भाग मात्र समजून घे, भावना आटणं, माणसाला वस्तू समजायला लागणं, आणि आपल्या हातून काही होत नाहीये असं वाटणं. मधला भाग न्यूरोसर्जरीत फार लवकर येतो. "बेड नऊचा एसीकॉम गेला" (एसीकॉम म्हणजे फुग्याची जागा) असं आपण म्हणतो ना, बाईचं नावही आठवत नाही. मी म्हणायचे. एकदा तिचा मुलगा मागेच उभा होता.

दुसरा खड्डा जास्त खोल. लेक्चरर असताना मी हौसेने असाच फॉर्म वाटला होता, कुठल्या कॉलेजात ते सोड. सात रेसिडेंट. नाव लिहू नका म्हटलं, पण वर्ष आणि स्त्री की पुरुष एवढं विचारलं. तिसऱ्या वर्षाला मुलगी एकच होती! सहा जणांनी सगळं मस्त लिहिलं, तिने खरं लिहिलं, आणि फॉर्म माझ्या टेबलावर उघडे पडलेले. संध्याकाळपर्यंत वरच्यांना कळलं, पुढचे चार महिने तिला ओटी लिस्टवर नाव दिसलं नाही. तिने मला कधी काही विचारलं नाही. चूक माझी होती. म्हणून सांगते, सात जणांच्या डिपार्टमेंटमध्ये निनावी असं काही नसतं. हे करायचं तर आठ-दहा कॉलेजेस एकत्र हवीत, फॉर्म पीएसएमवाल्यांकडे (सामुदायिक आरोग्य विभागाकडे) जायला हवेत, तुझ्या एचओडींनी कच्चा डेटा बघता कामा नये, आणि हे प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं हवं. आणि डिप्रेशनची प्रश्नावली जोडलीस तर तिच्यात बहुतेक मरणाच्या विचारांबद्दल एक प्रश्न असतो. कुणी तिथे "रोज" वर खूण केली तर तू निनावी फॉर्म हातात घेऊन काय करणार आहेस? एथिक्स कमिटी हे विचारेल, विचारलं नाही तरी तू स्वतःला विचार. शिवाय जो खरंच जळून गेलाय तो तुझा फॉर्म भरतच नाही, त्याला वेळ नाही.

म्हणून माझं मत, पहिल्या वर्षाच्या मुलाने एकट्याने बर्नआऊट मोजू नये, काम मोजावं. चौदा दिवस, दर अर्ध्या तासाला, ड्युटीवरचा रेसिडेंट काय करतोय. किती वेळ पेशंटजवळ, किती ओटीत, किती सीटीची ट्रॉली ओढण्यात कारण रात्री मामा, म्हणजे वॉर्डबॉय, एकच असतो, किती रक्तपेढीच्या खिडकीत, किती प्रीऑथचे फोटो अपलोड करण्यात. हे विचारल्याने कुणाचं बिंग फुटत नाही, अधीक्षकांना आकडा समजतो, आणि महत्त्वाचं म्हणजे एक गोष्ट बदलून परत मोजता येतं. रात्रीला एक जादा मामा द्या आणि महिन्याने परत बघा.

आता परत अ‍ॅन्युरिझमच्या त्या वेळेच्या ओळीकडे ये. दारातून अँजिओपर्यंतचा जो वेळ गेला त्यात ट्रॉली ओढणारा कोण होता? तूच. दोनचा निमोडिपिन राहिला तेव्हा सिस्टर तीस पेशंटला एकटी आणि तू कॅज्युअल्टीत टाके घालत. ज्या घड्याळावर पेशंट मोजायचाय त्याच घड्याळावर तूही आहेस. म्हणून सरांना अ‍ॅन्युरिझम द्यायचा, "लक्षणापासून फुगा बंद होईपर्यंतचा वेळ आणि उशिराची कारणं", आणि कारणांच्या रकान्यात माणूसबळाच्या चार नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवायच्या. सर खूश, तू खूश, आणि हा न्यूरोसर्जरीचा थिसिस नाही असं म्हणायची कुणाची हिंमत नाही.

हे कशावर अवलंबून आहे तेही सांगते. वर्षाला वीसच्या खाली अ‍ॅन्युरिझम येत असतील तर स्ट्रोकचा फोनवाला प्रश्न घे. गाईड कसे आहेत यावर पन्नास टक्के, उशिराची कारणं लिहिलेली त्यांना डिपार्टमेंटची बदनामी वाटणार असेल तर आधी हॉस्पिटलबाहेरचा वेळच मोज, आतला नंतर. आणि त्या अमेरिकन प्रोफाइलशी स्वतःला जोखू नकोस, तिथे रेसिडेन्सी सात वर्षांची, त्यात बऱ्याच ठिकाणी संशोधनाला वेगळा वेळ, हाताखाली आकडेमोडीला माणूस, शिवाय ती वीस वर्षांची यादी तू एका स्क्रीनवर बघितलीस. तुझ्याकडे तीन वर्षं आहेत आणि त्यातलं एक चाललंय.

या आठवड्यात एवढंच कर. मागच्या वर्षीच्या दहा एसएएचचे (फुगा फुटून मेंदूभोवती रक्त पसरलेल्यांचे) केसपेपर रेकॉर्ड रूममधून काढ, पाच वेळा प्रत्येकी मिळतात का बघ: दुखणं सुरू, पहिला डॉक्टर, पहिला सीटी, आपलं दार, ऑपरेशन. दहापैकी सातात मिळाल्या तर विषय पक्का समज. त्याच कागदांत निमोडिपिनच्या शीट असतील. दिवसाच्या सहाच्या सहा सह्या एकाच पेनाने, एकाच तिरकस हाताने केलेल्या दिसल्या तर शीट सकाळी बसून भरलीय. त्या कुणाला दाखवायच्या आधी त्यात तुझ्या अक्षरातल्या किती आहेत ते मोजून ठेव.